कसं लागलं दूध?

गयामावशी,

काल तुझा जलदानविधी झाला. मांडवात पंखे कमी आणि माणसं जास्त होती. दूध संकलनाच्या रांगेत रोज तुझ्या मागेपुढे उभ्या राहणाऱ्या सगळ्या बाया आल्या होत्या. भंतेंनी तांब्यातल्या पाण्याची धार सोडली. खालची वाटी भरली, भरून वाहायला लागली, तरी त्यांनी धार मोडली नाही. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले होते. मी मात्र त्या वाटीकडे बघत बसले आणि मला हसू आलं. मावशी, तुझ्या विधीत मला हसू आलं, माफ कर. मला एकदम तुझी दुधाची बाटली आठवली. तूही अशीच भरायचीस, वरचा फेस बाहेर ओघळेपर्यंत. मग पदरानं पुसून माझ्या हातात द्यायचीस.

जेवणं उरकल्यावर तुझा मिलिंद माझ्याजवळ येऊन बसला. तू गेलीस त्या दिवशी तो पुण्याहून आला, तेव्हापासून त्याला जेवण गेलेलं नाही, असं सुजाता सांगत होती. लेकापेक्षा सूनच जास्त खंबीर आहे तुझी, हे तूही म्हणायचीस.

"डॉक्टरीनबाई, उद्या सकाळी चांदनीला तपासून देता का?"

"देते की."

"रिकामी निघाली तर येत्या बाजारी न्हेतो. सुजातानं एकटीनं कुठवर वढायचं हे समदं? आन् खरं सांगू का, मला ती गाय डोळ्यांपुढं नको झालीया. मी कूलर आईला पाठविला होता. आईनं तो गाईला लावला आन् आख्खा मे महिना सोता पत्र्याखाली काढला."

त्यानं पुढचं वाक्य बोलायचं टाळलं. मीही टाळलं. कूलर लाव असं मी तुला म्हटलं नव्हतं, पण "पहिले दहा दिवस तिला थंड ठेव, नाहीतर गर्भ टिकायचा नाही" हे माझेच शब्द होते.

आज सकाळी चांदणीला तपासून आले. काय झालं ते सांगायलाच बसले आहे. पण तुझ्यासारखं एकदम मुद्द्यावर येणं मला कधी जमलं नाही. शिवाय तुझ्याजवळ एक गोष्ट कबूल करायची राहिली आहे. ती आधी, मग चांदणी.

मी परभणीला शिकत होते तेव्हाची गोष्ट. माझा विषय होता उन्हाचा ताण आणि दुभत्या गाईंची संप्रेरकं. ज्या गाई मला हव्या होत्या तसल्या तुझ्याकडे आहेत, असं कुणीतरी सांगितलं. तीन संकरित आणि एक लाल कंधारी. भर एप्रिलात, दुपारी बारा वाजता मी पांढरा कोट घालून तुझ्या दारात उभी राहिले. तू चिंचेखाली बसून कडबा तोडत होतीस. मी कोण, कुठली, कशाला आले, सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "संप्रेरकं म्हंजी काय वं?"

मी सांगितलं, शरीरात रक्तातून निरोप नेणारी द्रव्यं असतात. कधी माजावर यायचं, कधी पान्हा सोडायचा, कधी घाबरायचं, हे ती शरीराला सांगतात.

"म्हंजी अंगातले सांगकामे."

"हो, तसंच."

"आन् उन्हाचे ते कामावर येत न्हाईत, असं तुला दावायचंय."

मावशी, माझ्या मार्गदर्शकांना हेच सांगायला मला चौदा पानं लागली होती.

त्या दिवशी तू चहा विचारलास. मी म्हटलं, मी चहा घेत नाही. ते खोटं होतं. ते उन्हामुळे बोलले की गंगाखेडच्या घाटावर क्रियाकर्म करणाऱ्या भटजीच्या घरात वाढल्यामुळे, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. उन्हामुळे असावं असं मला वाटतं. पण असं वाटून घेणं सोयीचं आहे, हेही मला कळतं. तू आत गेलीस आणि माठातलं पाणी आणलंस. ते मी प्याले.

मग माझं रक्त घेणं सुरू झालं. चांदणी तेव्हा दुसऱ्या वेताची होती. काळीपांढरी, उंच, नाकावर चांदणीसारखा ठिपका. उन्हानं तिची कूस भात्यासारखी हलत असायची, जीभ बाहेर, तोंडातून लाळेची तार. मी घड्याळ लावून मिनिटाला किती श्वास ते मोजत बसायचे.

"मोजायलीस काय नुसती? पानी वत की तिच्यावर!" तू बादली माझ्या हातात दिलीस.

"मावशी, पाणी ओतलं तर मोजमाप बिघडेल."

"आन् न्हाई वतलं तर गाय बिघडंल."

सुई बघितली की चांदणी खुंटा उपटायला बघायची. तिच्या रक्तात ताणाचं संप्रेरक भरपूर निघालं. मी खूश. तुला येऊन सांगितलं, बघा, उन्हाचा किती ताण आहे तिला. तू कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे नखशिखांत बघितलंस. "पोरी, तू सुई दावून तिला भिववतीस आन् मंग उन्हानं घाबरली म्हनून लिव्हतीस. हे कोनतं शिक्षान?"

मी चिडून परभणीला गेले. मार्गदर्शकांना सांगितलं, बाई अडाणी आहेत, सहकार्य करत नाहीत. ते म्हणाले, बाईंचं बरोबर आहे, रक्त सोड, दुधातून मोजता येतं का बघ. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ते गावभर केलं असतंस.

तर अशी ती बाटली आली.

प्लास्टिकची, पाव लिटरची. तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी, दूध नासू नये म्हणून. मी तुला बजावलं होतं, फक्त चांदणीचं दूध, आणि अर्धी बाटली पुरे. आठवड्यातून दोनदा मी एसटीनं यायचे, बाटली घेऊन जायचे. बाटली नेहमी काठोकाठ भरलेली. मला वाटायचं, बाई उदार आहेत.

दुसऱ्याच आठवड्यात तू हसत विचारलंस, "कसं लागलं दूध?"

तेव्हा मला कळलं, तुला वाटतंय की तपासणीपुरतं काढून उरलेलं मी पिते. त्या भुकटीला तोंड लावलं असतं तर मला दवाखान्यात न्यावं लागलं असतं. मी चमचाभर दूध नळीत घ्यायचे आणि बाकीचं प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये ओतायचे. हे तुझ्या तोंडावर सांगायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, "छान लागलं."

त्यानंतर प्रत्येक खेपेला तू विचारायचीस आणि मी छान म्हणायचे. एकदा तर "साय फार दाट आली" असंही सांगून टाकलं. मावशी, हेच ते कबूल करायचं होतं. चांदणीचं दूध मी दोन उन्हाळे नालीत ओतलं आणि तुला गोड लागलं म्हणून सांगितलं.

पण त्या बाटलीनं मलाही सोडलं नाही. दुधातल्या एका संप्रेरकावरून गाय माजावर आहे, मधल्या दिवसांत आहे की गाभण आहे, ते समजतं. माजाच्या दिवशी ते जवळपास नाहीसं होतं, मग चढतं, मग पुन्हा उतरतं. कागदावर मांडलं की डोंगरदऱ्या दिसायला हव्यात. चांदणीची रेघ मात्र सपाट. ना चढ, ना उतार. मी रात्रंदिवस तेच बघत होते. उन्हानं गाईचं चक्रच मोडून पडतं, हा माझा मोठा शोध होता. मी तो लिहूनही काढला, छान मथळा देऊन.

मग एकदा मी लवकरची गाडी पकडून उजाडताच तुझ्या गोठ्यात पोचले. तू चांदणीची धार काढलीस, अर्धी बाटली भरलीस आणि मग चरवीतलं सगळ्या गाईंचं मिळून असलेलं दूध वरून ओतून बाटली गळ्यापर्यंत आणलीस. चारी गाई एका बाटलीत! त्यातली लाली, ती लाल कंधारी, तर गाभण होती. माझी रेघ सपाट येणार नाही तर काय होणार?

मी ओरडले. मला माझा आवाज आठवतो आणि लाज वाटते. "एवढं साधं कळत नाही का तुम्हाला? अर्धी सांगितली होती ना? माझी चार महिन्यांची मेहनत पाण्यात घातलीत!" तेव्हा मी तुला तुम्ही म्हणायचे. आदरानं नव्हे, लांब राहायला.

तू चरवी खाली ठेवलीस. बराच वेळ चांदणीच्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस. मग बोललीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"माझ्या आज्जीच्या हातचं दूध या गावात कुनी घेत न्हवतं. गाय व्हती, दूध व्हतं, पर घेनारं कुनी न्हाई. आन् तू घाटावरच्या भटजीची लेक माझ्या दारात बाटली घिऊन हुबी ऱ्हातीस. तुला अर्धी देऊ व्हय? माझा हात कसा धजंल?"

 माझ्या नळ्यांमध्ये हे मोजायची सोय नव्हती. मी तिथंच शेणात बसले आणि रडले. तू मला रडू दिलंस आणि मग म्हणालीस, "मंग बाटलीच लहान आन की. भरून दिईन."

इतकं सोपं होतं ते. पुढच्या खेपेपासून मी अंगठ्याएवढ्या बाटल्या आणल्या. त्यात फक्त चांदणीचं दूध, आणि तरीही काठोकाठ. मग लक्षात आलं की अर्ध्या बाटलीतलं दूध ताडकळस ते परभणी रस्त्यावर घुसळून निघतं, लोण्याचे कण वेगळे होतात. भरलेली बाटली हलत नाही. मी हे तुला शास्त्राचा शोध म्हणून सांगितलं. तू म्हणालीस, "डेऱ्यात ताक कवा केलंस का? अर्ध्या डेऱ्यातच घुसळतं." त्या दिवशी तू मला चहा विचारला नाहीस, सरळ आणून ठेवलास. आणि मी "तुम्ही घेतला का" असं विचारल्यावर कावलीस, "मावशीला कुनी तुमी म्हनतं व्हय?"

तेव्हापासूनची ही तू.

आपलं खरं भांडण मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही, आणि ते होतं एका शब्दावरून. उन्हाळ्यात गाय माजावर येते, पण हंबरत नाही, दुसरीवर उडत नाही, काही खूण दाखवत नाही. पुस्तकात त्याला मुका माज म्हणतात. मी नोकरी लागून याच भागात आले, गाडीवरून गावोगाव गाई भरवायला, म्हणजे कृत्रिम रेतन करायला लागले, तेव्हा हा शब्द रोज माझ्या रजिस्टरात असायचा. तू एकदा सुजाताकडून तो वाचून घेतलास आणि मला बोलावणं धाडलंस.

"मुका कामून लिव्हलं गं?"

"उन्हानं संप्रेरक कमी पडतं मावशी, सांगकामे थकतात. म्हणून गाय बोलत नाही."

"गाय बोलती. तुला ऐकू येत न्हाई. तुझं तू बहिरी म्हनून लिव्ह की."

"तसा रकाना नाही."

"मंग पाड."

सहा वर्षं हे चाललं. मी आकडे सांगायचे, तू गाई दाखवायचीस. गंमत म्हणजे दोघींचंही खरं होतं. सांगकामे खरोखर थकतात, तो माझा मुद्दा अजून सोडत नाही मी. पण ते थकले तरी बारीक आवाजात काम करत राहतात आणि तो आवाज ऐकायला चोवीस तास गाईच्या सोबत राहणारं माणूस लागतं, हे मला या मे महिन्यात कळलं.

चांदणी मार्च-एप्रिलात दोनदा उलटली होती. दोन्ही वेळा गाभ राहिला नाही. मी तुला सांगितलं, आता ऊन उतरेपर्यंत थांब, विनाकारण तिला त्रास नको. बुद्धपौर्णिमेच्या दोन दिवस आधी तुझा फोन आला. "ये. चांदनी आलीया."

मी आले. गाय शांत उभी. ना सूज, ना मागून चिकट तार, ना हंबरणं. मी म्हटलं, "मावशी, काहीच नाही."

"काल सांजच्याला हौदावर न्हेली. पान्यावर तोंड टेकलं आन् पेली न्हाई. एवढ्या उन्हात पान्यावर तोंड ठिवून गाय पीत न्हाई, म्हंजी तिच्या मनात दुसरंच कायतरी हाय."

"तहान नसेल."

"त्रेचाळीस डिग्रीला? तूच तर आकडा सांगत असतीस."

मी हात घालून तपासलं तेव्हा गर्भाशय ताठ लागलं. माज होता. मी चूक होते, पण हटून बसले. म्हटलं, माज असेलही, पण या उन्हात टिकायचा नाही, पहिल्या आठवड्यात अंगाची आग झाली की कोवळा गर्भ विरतो. तू म्हणालीस, "ते माझ्यावर सोड. तू तुझं काम कर." मी रेतन केलं आणि वर ते दहा दिवसांचं बोलले. रजिस्टरात मुद्दाम तुझ्यासमोर लिहिलं: मुका माज. शेजारी लिहिलं: आशा कमी.

दोन दिवसांनी खिरीला बोलावलंस, तर घरातला कूलर गोठ्यात. खिडकीतून काढून, विटांवर ठेवून, वर ओलं गोणपाट टाकून. चांदणी त्याच्यापुढे डोळे मिटून रवंथ करत उभी आणि तू पत्र्याच्या खोलीत ओला पदर डोक्यावर घेऊन बसलेली.

"हे काय गं?"

"लेकानं आईला दिला, आईनं लेकीला दिला."

वीज गेली की तू आणि सुजाता आळीपाळीनं गोणपाटं भिजवायच्यात. वैरण उन्हं कलल्यावर टाकायच्यात. हे सगळं मी तुला सहा वर्षांपूर्वी सांगितलेलं, आणि तू तेव्हा हसलेलीस. मी आठवण करून दिली तर म्हणालीस, "तू सांगितलंस म्हनून न्हाई करायले. चांदनीनं सांगितलं." मग खिरीची वाटी पुढे केलीस आणि म्हणालीस, "गयेला सुजाता मिळालीया, आता खिरीला काय तोटा?" बुद्धाला खीर देणारीचं नाव मिरवणारी सुजाता लाजली. तुझ्या विनोदाला तीच एकटी नेहमी लाजायची. तू डबा भरून माझ्या बाबांसाठीही दिलास. बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या, कुणाकडची ते विचारलं आणि मी सगळं नीट सांगितलं. ते म्हणाले, "वेलदोडा सढळ आहे." तुला हे सांगायचं राहिलं होतं.

मग पाऊस झाला, गारवा आला. बरोबर साठाव्या दिवशी तुझा फोन. "साठ दिस झाले. बघाया कवा येतीस?" मी म्हटलं, "अजून पंधरा दिवस थांब, घाई नको." मावशी, साठ दिवसांत कळतं. तुलाही ते माहीत होतं. मला भीती वाटत होती. रिकामी निघाली तर तुझ्या तोंडाकडे कसं बघायचं, याची भीती. आता दहा दिवसांपूर्वी सकाळी धार काढून उठताना तुझ्या छातीत कळ आली आणि तू चांदणीच्या दावणीलाच टेकलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय जुनंच दुखणाईत होतं, उन्हाळ्याचा काही संबंध नाही. मिलिंदला ते पटत नाही. मला पटतं, आणि तरी तो कूलर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुझा फोन आला त्या दिवशी मी आले असते तर तू जाताना तुला माहीत तरी असतं. ही चुटपुट मला जन्मभर पुरणार आहे, आणि ती मी निमूट सोसणार आहे, कारण ती माझीच आहे.

तर आज सकाळी.

मिलिंद दोरी धरून उभा होता. सुजाता चुलीजवळून उठून दारात आली होती आणि तिच्या हातात पळी तशीच होती. कूलर अजून विटांवरच होता, कोरडा. मी हातमोजा चढवला.  चांदणीनं मान वळवून मागे बघितलं, ही तू नव्हेस अशा नजरेनं, आणि मग सुस्कारा सोडून उभी राहिली.

डावीकडे काही नाही. उजवीकडे गेले. गर्भाशयाचं उजवं शिंग भरलेलं, पातळ सालीचं, पाण्यानं तट्ट. मी हलकेच चिमटीत धरलं आणि बोटांतून आतला बारीक पडदा निसटला. पुन्हा धरलं, पुन्हा निसटला. ही खूण खोटी बोलत नाही. मी हात तसाच ठेवून किती वेळ उभी होते कोण जाणे.

"काय झालं?" मिलिंदनं विचारलं. "रिकामी हाय ना?"

"गाभण आहे. अडीच महिन्यांची. मेमधलीच."

त्यानं दोरी सोडली नाही. चांदणीच्या मानेवर कपाळ टेकलं आणि जे दहा दिवस साठलं होतं ते तिच्या कातड्यावर सांडलं. चांदणी हलली नाही. बऱ्याच वेळानं तो कूलरजवळ गेला, त्यावरचं वाळकं गोणपाट उचलून झटकलं, नीट घडी घातली आणि सुजाताला म्हणाला, "ह्यो हितंच राहू दी. पुढच्या उन्हाळ्याला लागंल."

मग मी गाडीच्या डिकीतून रजिस्टर काढलं. मेचं पान उघडून "आशा कमी" खोडलं. "मुका माज" खोडला नाही, तो शब्द पुस्तकातलाच आहे, माझ्या हातात नाही. पण त्याच्या शेजारी, तू सांगितलेला रकाना पाडला. त्यात लिहिलं: गाय बोलली, गयाबाईंनी ऐकलं, डॉक्टर बहिरी. वरिष्ठ तपासायला आले तर काय सांगायचं ते बघू.

सुजाता वाचून हसली. तिचं हसू बघून मला धीर आला आणि मी तिला बाटलीची सगळी गोष्ट सांगून टाकली. पांढरी भुकटी, बेसिन, दाट साय. म्हटलं, तुझ्या सासूशी मी खोटं बोलले आणि आता कबूल करायला ती नाही.

सुजातानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. ती हसू दाबत होती.

"अवं, आत्यांना समदं ठावं व्हतं! पयल्याच महिन्यात एक बाटली सांडली व्हती, तर मांजरानं वास घिऊन तोंड फिरिवलं. तवाच वळखलं त्यांनी. मला म्हनल्या, पोरगी पीत न्हाई, वतून देती. पर इचारायचं सोडायचं न्हाई. बघू कवा खरं सांगती."

मावशी! इतकी वर्षं! अंगठ्याएवढ्या बाटलीतलं दूध कसं लागलं, असंही तू विचारायचीस आणि मी तेव्हाही गंभीरपणे छान म्हणायचे. अंगठ्याएवढ्या बाटलीतलं कुणी पितं का? एवढी शिकलेली मी, मला तेव्हाही उजेड पडला नाही. तू माझ्यावर रागावली नव्हतीस, नुसती वाट बघत होतीस. हे कळल्यावर, तू गेल्यापासून पहिल्यांदा मी मोकळी रडले, तुझ्याच गोठ्यात, तुझ्याच शेणात, पुन्हा एकदा.

तेवढ्यात आतून वास आला. सुजाता "अगं बाई!" म्हणत चुलीकडे धावली. आम्ही सगळे गाईत गुंतलो आणि चुलीवरचं दूध विसरलं गेलं. थोड्या वेळानं ती पेला घेऊन बाहेर आली. चांदणीचं, काठोकाठ, वर तांबूस साय. चालताना तिच्या बोटांवर ओघळत होतं. तिनं पदरानं पेला पुसला, थेट तुझ्यासारखा, आणि माझ्या हातात दिला.

मी उभ्यानं, एका दमात, थेंब न ठेवता प्याले.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मिलिंदही. मग तिनं विचारलं, "कसं लागलं दूध?"

आणि मावशी, या खेपेला मी खरं सांगितलं.

"करपलंय गं थोडं."